कोनफळावर एमएस्सी: बेणं गोळा करण्यापासून व्हायव्हापर्यंत

ऑक्टोबर २०२४ मध्ये माझी व्हायव्हा, म्हणजे प्रबंधावरची तोंडी परीक्षा झाली आणि कृषी वनस्पतिशास्त्रातली एमएस्सी पूर्ण झाली. "कंदपिकांवर विषय घेऊ का?" असे ज्युनिअर्सचे मेसेज तेव्हापासून येत आहेत. प्रत्येकाला तुटक उत्तरं देण्यापेक्षा घडलं त्या क्रमाने सगळं इथे लिहिते. माझा विषय होता कोकणातल्या कोनफळाच्या घरगुती वाणांमधली विविधता. शेतात ती कशी दिसते, गुणसूत्रांत काय सापडतं आणि कंदात पोषण किती, असे तिचे तीन भाग होते. कोनफळ म्हणजे डायोस्कोरिया अलाटा. करांदे, कणगं ही त्याचीच भावंडं, पण माझ्या कामात ती फक्त कडेकडेने आली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रवेश झाला. वर्गातल्या बहुतेकांनी भात, नाचणी, कुळीथ घेतलं आणि त्यात शहाणपण आहे. बी पेरलं की तीन-चार महिन्यांत पीक हाती येतं, एक हंगाम वाया गेला तर दुसरा मिळतो. कोनफळाचं तसं नाही. माझ्या मार्गदर्शक सरांनी पहिल्याच भेटीत कोऱ्या कागदावर बारा महिने लिहिले आणि झाडाचं वेळापत्रक भरायला सांगितलं. कंद डिसेंबर ते फेब्रुवारीत निघतो. मग दोन-तीन महिने तो सुप्तावस्थेत जातो, त्या काळात ओलावा द्या, ऊब द्या, डोळा फुटत नाही. एप्रिल-मेमध्ये कोंब येतो, मे-जूनमध्ये लावण. फुलं आलीच तर सप्टेंबर ते नोव्हेंबर. डिसेंबरात वेल पिवळा पडतो आणि जानेवारीत खणायचं. म्हणजे दोन वर्षांच्या पदवीत पूर्ण हंगाम एकच. एप्रिलपर्यंत बेणं हातात नसेल तर वर्ष गेलं. तुमचा कोर्सवर्क, सेमिनार, परीक्षा हे सगळं या कागदाभोवती बसवायचं आहे. तो कागद मी शेवटपर्यंत डायरीच्या पहिल्या पानाला चिकटवून ठेवला होता.

जानेवारी २०२३ मध्ये ओआरडब्ल्यू, म्हणजे संशोधनाचा आराखडा, सल्लागार समितीपुढे ठेवला. सगळ्यात जास्त चर्चा झाली ती संकराच्या मुद्द्यावर. प्रजननाचा विषय असून संकर नाही, हे कागदावर विचित्र दिसतं. पण कोनफळात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, कितीतरी वाण कधी फुलतच नाहीत आणि बी मिळालं तरी पहिल्या वर्षी त्यातून येणारा कंद एवढासा असतो. पुढे त्याचं बेणं वाढवून दोन-चार ठिकाणी चाचण्या घ्यायच्या, तर नव्या वाणाला आठ-दहा वर्षं सहज लागतात. म्हणून उद्दिष्टांत "फुलोऱ्याचा अभ्यास व प्राथमिक परागीभवन" एवढंच लिहिलं. एका हंगामात ज्याचं उत्तर मिळू शकतं तेवढाच प्रश्न आराखड्यात लिहा. मंजुरीचा कागद विभागातून विद्यापीठात आणि तिथून परत यायला महिना लागतो, त्यामुळे जानेवारी ही शेवटची तारीख समजा.

फेब्रुवारी ते एप्रिल गावोगाव फिरून बेणं गोळा केलं. दापोली, गुहागर, संगमेश्वर, कुडाळ, सावंतवाडी या तालुक्यांतली परसं आणि बागा पालथ्या घातल्या. १७ मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि माझा प्रवासखर्च एकदम हलका झाला. जाण्याआधी विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घ्या. ग्रामपंचायतीत ते दाखवून गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला आपण काय नेतोय, कशासाठी नेतोय हे सांगा. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली या समित्या झाल्या आहेत. काही गावांत समिती कागदावरच असते, पण ग्रामसेवकांना सांगून पोच घेतली की पुढे कुणी अडवत नाही. आणि गावाच्या वाणाची नोंद गावाला न कळवता करणं मला पटतही नाही.

प्रत्येक नमुन्यामागे एक फॉर्म भरायचा: गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, घरात ज्या नावाने हाक मारतात ते नाव, गराचा रंग, आणि बेणं मूळ कुठून आलं. या शेवटच्या रकान्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. बहुतेक घरांत उत्तर बाईकडूनच आलं आणि ते "माझ्या माहेरचं" असं होतं. वाण कुठल्या गावातून कुठल्या गावात गेला हे शोधायचं तर लग्नं कुठे जुळली हे विचारावं लागतं. फॉर्ममध्ये त्यासाठी जागा नव्हती, मी मागच्या बाजूला लिहून ठेवलं आणि प्रबंधात त्याचा एक तक्ता झाला. कुडाळजवळच्या एका आजींना मी वेलाला फुलं येतात का विचारत होते. त्या म्हणाल्या, "फुलां कित्याक व्हयी तुका? कंद बघ." त्यांनी आयुष्यभर ज्या वेलावरून कंद काढले, त्याला फूल आलेलं त्यांनी पाहिलंच नव्हतं. तीच माझी पहिली नोंद: फुलोरा नाही.

बेणं मागताना कंदाचा वरचा, देठाकडचा भाग मागा. तो लवकर आणि एकसारखा फुटतो, मधले आणि तळाचे तुकडे मागे पडतात. प्रत्येक वाणाचं किमान किलोभर मिळालं तर बरं, म्हणजे २०० ते ३०० ग्रॅमचे तीन-चार तुकडे होतात. शेतकऱ्यांनी बहुतेक ठिकाणी पैसे घेतले नाहीत, जिथे घेतले तिथे बाजारभावाने दिले. खुणेसाठी कागदी चिठ्ठी वापरू नका, पावसाळ्यात तिचा लगदा होतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने नंबर कोरा आणि तोच नंबर मार्करने कंदावरही लिहा. कंद सावलीत, बांबूच्या माचावर, एकमेकांना न टेकता ठेवायचे. एक सडला की शेजारचे सडतात.

तुलनेसाठी प्रसारित, म्हणजे संशोधन संस्थांनी अधिकृतपणे दिलेले वाणही लागतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'कोकण घोरकंद' जवळच मिळाला. 'श्री कीर्ती' आणि 'श्री शिल्पा' तिरुवनंतपुरमच्या श्रीकार्यम इथल्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेतून आणले. ही संस्था १९६३ पासून फक्त याच पिकांवर काम करते आणि 'श्री शिल्पा' हा कोनफळाचा पहिला संकरित वाण तिथलाच. संशोधनासाठी जननद्रव्य, म्हणजे असं वाणांचं बेणं घेताना साहित्य हस्तांतरण करार करावा लागतो. आपण ते तिसऱ्याला देणार नाही, त्यावर हक्क सांगणार नाही, प्रबंधात उल्लेख करू, अशा अटींवर विद्यार्थी, मार्गदर्शक आणि संस्थाप्रमुख तिघांच्या सह्या लागतात. फेब्रुवारीत पत्र पाठवलं, सह्यांचे कागद जाऊन-येऊन एप्रिल उजाडला. कुरियरने मागवता येतं, पण मी रत्नागिरीहून नेत्रावती एक्सप्रेस पकडून स्वतः गेले आणि ते फार बरं झालं. तिथल्या शेतात मांडवावर चढलेले शेकडो वेल एका जागी पाहिल्यावर आपण कशाची वर्णनं लिहिणार आहोत ते डोळ्यांत बसलं. १९९७ साली आंतरराष्ट्रीय संस्थांनी प्रसिद्ध केलेली वर्णकांची यादी सोबत ठेवा. पानाचा आकार, खोडाचे पंख, कंदाच्या फांद्या, सगळं कोणत्या शब्दांत नोंदवायचं ते तिच्यात ठरलेलं आहे.

मेच्या अखेरीस लावण केली. ९० सेंटीमीटर अंतर, ४५ सेंटीमीटर खोल आळी, तळाला शेणखत. कापलेले तुकडे शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवले. घरगुती वाणांचं बेणं थोडं असल्यामुळे प्रत्येकाची पुनरावृत्ती शक्य नव्हती. म्हणून ऑगमेंटेड डिझाइन वापरलं: घरगुती वाण एकेकदाच, प्रसारित वाण मात्र प्रत्येक ब्लॉकमध्ये. थोड्या बेण्यावर काम करणाऱ्यांनी हे डिझाइन आपल्या संख्याशास्त्राच्या शिक्षकांशी आधीच बोलून घ्यावं, व्हायव्हात यावर प्रश्न येतोच.

त्या वर्षी पाऊस ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच अडखळला. कोंब आलेले, जमीन तापलेली आणि पाणी नाही. आम्ही घागरींनी पाणी घातलं, आळ्यांवर पाचोळा टाकला. पाचोळ्याने खरंच जीव वाचवले, आच्छादन लावणीच्या दिवशीच करा.

याच दिवसांत गुणसूत्रांचं काम उरकायचं असतं, कारण कोवळी मुळं तेव्हाच मिळतात. वाळूच्या ट्रेमध्ये जादा तुकडे लावून ठेवले होते. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान मुळांची टोकं कापायची, ८-हायड्रॉक्सिक्विनोलिनमध्ये ठेवायची, मग तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग अ‍ॅसेटिक आम्लात स्थिर करायची. पुढे आम्लात मऊ करून, रंगवून काचपट्टीवर अंगठ्याने दाबायची. कोनफळाची गुणसूत्रं इतकी बारीक आणि इतकी दाटीत असतात की पहिले कित्येक आठवडे मला ठिपक्यांचा गुंता सोडून काही दिसलं नाही. रात्री वसतिगृहात येऊन रडले आहे. विभागातल्या प्रयोगशाळा सहायक काकांनी दाब कसा द्यायचा ते हात धरून दाखवलं, तेव्हा पहिली स्वच्छ काचपट्टी मिळाली.

एवढा आटापिटा कशासाठी, ते सांगते. कोनफळाचा मूळ संच २० गुणसूत्रांचा. जुन्या पुस्तकांत तो १० लिहिलेला सापडेल, ते आता मागे पडलं आहे. द्विगुणित झाडात ४०, त्रिगुणितात ६०, चतुर्गुणितात ८०. त्रिगुणित झाड जोमदार वाढतं, कंदही चांगला देतं, पण त्याची जननपेशी तयार होताना तीन संचांची समान वाटणी होत नाही, म्हणून ते सहसा वांझ राहतं. तेव्हा कोणत्या वाणाकडून बी मिळण्याची आशा धरायची हे शेतात फुलांची वाट बघत बसण्याआधी मायक्रोस्कोपखाली कळू शकतं. आमच्या संग्रहात ४० चे वाण मिळाले आणि ६० च्या आसपासचेही. "आसपास" हा शब्द मी प्रबंधातही ठेवला. जिथे मोजणी पक्की झाली नाही तिथे तसं लिहिलं आणि परीक्षकांनी त्याबद्दल काही म्हटलं नाही. तुमच्या जवळ फ्लो सायटोमीटरची (पेशीतल्या डीएनएचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राची) सोय असेल तर कोवळ्या पानावर हे काम कितीतरी लवकर होतं.

जुलैत धो धो पाऊस झाला आणि करपा आला. पानांवर काळे डाग, शिरा काळ्या, वरचा शेंडा वाळलेला. कोलेटोट्रिकम नावाच्या बुरशीचं हे काम आणि जगभर कोनफळाचा हाच मोठा शत्रू आहे. आम्ही फवारणी न करता दर आठवड्याला १ ते ५ गुण देत गेलो. डोळ्यांसमोर झाडं काळी पडताना नुसतं वहीत आकडे लिहिणं कठीण गेलं, पण याच पंधरवड्यांत प्रबंधातली सगळ्यात उपयोगी माहिती मिळाली. शेजारी-शेजारी लावलेल्या दोन घरगुती वाणांपैकी एक पार जळाला आणि दुसऱ्याची पानं हिरवी राहिली. रोगाला दाद न देणारे असे वाण परसदारी पडून आहेत, त्यांची नोंद कुठेही नाही. ऑगस्टमध्ये पाऊस जवळजवळ गायब झाला. १९०१ पासूनचा देशातला तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. वेलांना पुन्हा पाणी घालावं लागलं.

सप्टेंबरच्या शेवटी कळ्या दिसल्या आणि मी रोज दुपारी शेतात. नराची फुलं इवलीशी, घोसांत असतात. मादीची लांब तुऱ्यावर, फुलाखाली तीन धारांचा अंडाशय दिसतो, त्यावरून ती ओळखायची. फुललेल्यांत नर जास्त आणि माद्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. फुलं दुपारी उमलतात, तेव्हाच काम करायचं. आदल्या दिवशी मादीच्या तुऱ्यावर मलमलची पिशवी बांधायची, कारण फुलकिड्यांसारखे बारीक कीटक पराग घेऊन येतात. नराचं फूल चिमट्याने उघडून सुईच्या टोकावर पराग घ्यायचा आणि भिंगातून बघत कुक्षीवर टेकवायचा. पराग चिकट असतो, वाऱ्याने उडत नाही. नर आणि मादी एकाच आठवड्यात फुलतील याची खात्री नसते, म्हणून नर वाणाचे काही तुकडे पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने लावून ठेवा. बहुतेक फुलं गळून गेली. थोडी टिकली आणि त्यांची तीन पंखांची फळं झाली. डिसेंबरात ती तपकिरी झाली तेव्हा आत कागदासारखं पातळ, पंख असलेलं बी होतं. कुडाळच्या आजींना फोन करून सांगितलं.

काढणी जानेवारी २०२४ मध्ये. ही मजुरी धरून ठेवा, कारण कंद खोल जातात आणि कुदळ लागली तर वजन आणि नमुना दोन्ही बिघडतं. आमच्याकडे चार मजूर लागले. काढल्या दिवशीच वजन, लांबी, आकार आणि फोटो घ्यायचे.

मग पोषणाचा भाग. "कंद म्हणजे नुसतं पीठ" असं ऐकून घेतच मी मोठी झाले आणि हे मला खोडून काढायचं होतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांत १०० ग्रॅम कच्च्या यामसाठी (याम म्हणजे कोनफळाच्या गटातले कंद) ११८ किलोकॅलरी, सुमारे २८ ग्रॅम कर्बोदकं, १.५ ग्रॅम प्रथिनं, ४.१ ग्रॅम तंतू, १७ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ८१६ मिलिग्रॅम पोटॅशियम दिलेलं आहे. तंतू आणि पोटॅशियम दोन्ही बटाट्याच्या जवळपास दुप्पट. हे आकडे एका सर्वसाधारण यामचे आहेत, वाणावाणांत फरक पडतो आणि तोच मोजायचा होता. प्रथिनांसाठी केल्डाल पद्धतीने नत्र काढून ६.२५ ने गुणलं. जांभळ्या गरातल्या अँथोसायनिनसाठी एकच अर्क पीएच १.० आणि ४.५ वर ठेवून ५२० आणि ७०० नॅनोमीटरला वाचला. चिरलेला गर हवेत लगेच काळवंडतो, म्हणून कंद प्रयोगशाळेतच चिरा आणि रंगाचा नमुना ताबडतोब गोठवा.

तंतू आणि खनिजांसाठी नमुने एका खासगी प्रयोगशाळेत दिले. तीन आठवड्यांत अहवाल देतो म्हणाले, मिळायला जून उजाडला. दर नमुन्याला साधारण ₹१,५०० पडले. सुकवलेली पूड दोन वाटे करून एक वाटा आपल्याकडे सीलबंद ठेवा. अहवालातले दोन आकडे अशक्य वाटले, तेव्हा त्या वाट्यावरच फेरतपासणी करता आली. घरगुती वापरासाठी निष्कर्ष सोपा निघाला: सालासकट वाफवलं तर रंग टिकतो, सोलून भरपूर पाण्यात उकळलं तर तो पाण्याबरोबर ओतला जातो. करांद्यांबद्दल मात्र एक गोष्ट गंभीरपणे सांगते. रानातल्या कडू करांद्यांत यकृताला अपायकारक द्रव्यं असतात. गावात जे करांदे उकडून, पाणी बदलून खायची रीत आहे ती तशीच पाळा. ओळख नसलेला रानकंद चाखून बघू नका.

पानांतून डीएनए काढण्याचं काम थोडक्यात. पानांत बुळबुळीत पदार्थ इतका असतो की नेहमीच्या सीटॅब (पेशी फोडणारं रसायन) पद्धतीने चिकट गोळा हाती येतो. अगदी कोवळं पान घ्या, मिठाचं प्रमाण वाढवा, पीव्हीपी (पानातली फिनॉल द्रव्यं धरून ठेवणारी पूड) घाला.

प्रबंध ऑगस्टमध्ये सादर केला. साहित्यचोरीची तपासणी, समितीच्या सह्या, ग्रंथालयाचं ना हरकत पत्र, वसतिगृहाचं ना हरकत पत्र, छपाई आणि बांधणी. यात पंधरा दिवस सहज जातात, गणपतीच्या सुट्ट्या मध्ये आल्या तर आणखी. शिष्यवृत्ती सोडून खिशातून गेलेले पैसे ₹४०,००० च्या घरात, त्यातले निम्म्याहून जास्त तपासण्यांवर आणि बाकीचे बांबू, मजुरी, छपाईवर.

व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी शेतातल्या कामावर समाधान दाखवलं आणि मग थेट आफ्रिकेत नेलं. जगातल्या यामचा सुमारे दोन तृतीयांश भाग नायजेरियात पिकतो, तिथल्या पांढऱ्या यामचा जनुकसंच २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कोनफळाचा २०२२ मध्ये. प्रश्न होता लिंगनिश्चितीचा. कोनफळात नर एक्सवाय असतो, म्हणजे त्याची दोन लिंगगुणसूत्रं वेगळी असतात, पांढऱ्या याममध्ये मात्र मादीच वेगळी जोडी बाळगते. एकाच प्रजातीगटातल्या दोन पिकांत ही उलट व्यवस्था आहे. ते विचारत होते की याचा प्रजननाला उपयोग काय. मी सांगितलं की लिंगाचा मार्कर, म्हणजे डीएनएतली खूण, पक्का झाला तर रोप लहान असतानाच नर-मादी कळतील आणि माझ्यासारखा सप्टेंबरपर्यंत थांबायचा प्रश्न उरणार नाही. पुढचा अर्धा तास ते करप्यावरच बोलत राहिले. तीन घरगुती वाणांची नावं त्यांनी स्वतःच्या वहीत लिहून घेतली.

गोळा केलेल्या प्रत्येक वाणाचं थोडं बेणं २०२४ च्या मेमध्ये ज्या घरातून आणलं त्या घरी परत दिलं. दोन घरांत मूळ वेल मधल्या काळात गेला होता, तिथे हेच बेणं लागलं. बाकीचा संग्रह विद्यापीठाच्या कंदपीक योजनेच्या प्रक्षेत्रावर आहे. कोनफळ बियांच्या डब्यात साठवता येत नाही, दरवर्षी लावूनच जपावं लागतं. संकराचं बी जून २०२४ मध्ये पेरलं, त्यातली काही रोपं उभी आहेत आणि आता एका ज्युनिअरने ती आपल्या विषयात घेतली आहेत. तिला मी क्षेत्रवही, पट्ट्यांचे नंबर, संकरातल्या पालक वाणांची यादी, करप्याचे आठवडानिहाय गुण आणि गोठवलेली पानं दिली आहेत. तिची ओआरडब्ल्यू जानेवारीत आहे, आराखडा वाचून देण्याचं मी कबूल केलं आहे. तुमच्यापैकी कुणाला फॉर्मचा नमुना किंवा कराराच्या पत्राचा मसुदा हवा असेल तर खाली लिहा, फेब्रुवारी उजाडायच्या आत पाठवते.